नकाशाची वरची बाजू

हवाईसाहेबांनी जेवणाच्या टेबलावर मोबाइलपेक्षा जरासं मोठं एक यंत्र ठेवलं आणि घरच्यांना एक साधा प्रश्न विचारला. इथेच चुकलं. घरात साधा प्रश्न कधी विचारायचा नसतो. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार विभागात केस पांढरे झालेल्या माणसाला एवढं तरी कळायला हवं होतं.

प्रश्न असा होता, की नकाशात वरच्या बाजूला काय ठेवायचं? उत्तर दिशा, की आपण जातोय ती दिशा?

हा प्रश्न माणसाला सहसा पडत नाही. हवाईसाहेबांना पडला, कारण सुट्टीच्या दिवशी ते ग्लायडर उडवत. ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. दुसरं एक विमान त्याला दोरीने ओढत वर नेतं आणि सोडून देतं, पुढचं ज्याचं त्याने बघायचं. जमिनीवरून कुठेतरी गरम हवा वर चढत असते. ती शोधायची, तिच्यात घारीसारख्या घिरट्या घालत उंची मिळवायची, मग सरळ पुढे जायचं, उंची संपत आली की पुन्हा घिरट्या. एकंदरीत सरकारी बढतीसारखाच प्रकार. बराच काळ गोल गोल आणि मग थोडंसं पुढे.

आता त्या यंत्राविषयी. त्याच्या पडद्यावर नकाशा दिसतो, मधोमध एक चिमुकलं विमान असतं आणि आपण सरकू तसा नकाशाही सरकतो. तो ठेवायच्या दोन पद्धती. एक, उत्तर कायम वर. मग जग जागच्या जागी राहतं आणि त्यावर आपलं विमान फिरतं. दुसरी, नाकासमोरची दिशा वर. मग विमान ताठ उभं राहतं आणि सगळं जग त्याच्याभोवती फिरतं. काही माणसं मुळात पहिल्या प्रकारची असतात, काही दुसऱ्या. हवाईसाहेब समोर कोण बसलंय त्यावर ठरवत.

"उत्तर वर," बाबा म्हणाले आणि त्यांनी वाटी पुढे ओढली. त्यांच्या मते विषय संपला होता. बाबांचं आयुष्य जमीनमोजणी खात्यात गेलं होतं. अंथरुणात कूस बदलली तरी आपलं डोकं कुठल्या दिशेला आहे हे त्यांना सांगता येई, आणि कुणी विचारलं नाही तरी ते सांगत. "नकाशाला एक अब्रू असते. तो काय भिंगरी आहे, तू वळशील तसा वळायला?"

"बरोबर आहे तुमचं, बाबा," हवाईसाहेब म्हणाले.

बायकोने आमटी वाढता वाढता फक्त एवढंच विचारलं, की हा प्रश्न ठरवण्यासाठी आहे की भांडण लावण्यासाठी. तिचे शिवणकामाचे वर्ग होते. कात्री हातात घेतल्यावर दहा जणींचं ऐकत बसणाऱ्या बाईच्या झग्याला तीन बाह्या होतात, असं तिचं अनुभवी मत होतं.

पण साहेबांना घाई होती आणि घाईला कारण होतं. रविवारी त्यांना पन्नास किलोमीटर दूरच्या एका जुन्या धावपट्टीपर्यंत एकट्याने ग्लायडर न्यायचं होतं. हे जमलं की माणूस खरा वैमानिक. तोवर तो फक्त मैदानाभोवती घिरट्या घालणारा वर्गणीदार. गेल्या वर्षी त्यांनी एकदा प्रयत्न केला होता. कागदी नकाशा मांडीवर होता, हवा उत्तम होती, गरम हवेत छान घिरट्या झाल्या आणि त्या घिरट्यांतून ते आत्मविश्वासाने भलत्याच बाजूला बाहेर पडले. मग बराच वेळ अतिशय सुंदर उड्डाण करून ते जिथून निघाले होते तिथेच उतरले. क्लबचे शिकवणारे मास्तर तेव्हा काहीच बोलले नाहीत. ते नंतरही काही बोलले नाहीत, म्हणून साहेबांना जास्त लागलं. या वर्षी मात्र मास्तरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की ही शेवटची संधी. ते विमान मिळावं म्हणून दातांचे एक डॉक्टर कधीचे रांगेत आहेत.

शिवाय एक अट होती. नकाशा कसा ठेवायचा ते जमिनीवर ठरवायचं, सगळ्यांसमोर तोंडाने सांगायचं आणि हवेत त्या सेटिंगला बोट लावायचं नाही. कारण एकदा एक सभासद हवेत सेटिंग बदलण्यात इतके रमले, की शेजारून दुसरं ग्लायडर गेलेलं त्यांना त्यातल्या माणसाने शिवी दिली तेव्हा कळलं.

म्हणजे रविवारपर्यंत निर्णय व्हायलाच हवा होता. आणि हवाईसाहेबांच्या घराण्यात निर्णय घेण्याची पद्धत म्हणजे आणखी एकाला विचारणं.

त्यांनी क्लचबाईंना विचारलं.

क्लचबाई तळमजल्यावर राहत आणि ड्रायव्हिंग स्कूल चालवत. निम्मं गाव त्यांच्या हाताखाली, खरं तर त्यांच्या पायाखाली शिकलं होतं, कारण त्यांच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही ब्रेक होता आणि तो त्या राग आला तरी दाबत. त्यांनी प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही. समोर जे आहे ते वर, बस. रस्ता विचारणाऱ्याला कुणी ईशान्येला वळा म्हणून सांगतं का? उत्तर वर ठेवून दक्षिणेकडे जाणारा माणूस डावीकडे वळायचं तर उजवीकडे वळतो, आणि असे तीन विद्यार्थी आपण स्वतः गटारातून बाहेर काढलेत.

"बरोबर आहे तुमचं," हवाईसाहेब म्हणाले.

यात लबाडी नव्हती, ही धंद्याची सवय होती. तक्रार विभागाच्या खिडकीशी जो येईल त्याला ते "बरोबर आहे तुमचं" म्हणत. माणूस शांत होऊन घरी जाई आणि पाणी यायचं तेव्हा येई. या वाक्यावर त्यांची नोकरी निर्धोक चालली होती. अडचण इतकीच, की नळाला पाणी नसलेली दोन माणसं एकमेकांच्या घरी सहसा जात नाहीत. बाबा आणि क्लचबाई मात्र रोज जिन्यात भेटत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सराव ठरला. इमारतीच्या पार्किंगमध्ये हवाईसाहेबांना चाकांच्या फिरत्या खुर्चीवर बसवण्यात आलं. हातात यंत्र. ड्रायव्हिंग शिकवण्याचा परवाना असल्यामुळे खुर्ची फिरवायचा अधिकार क्लचबाईंनी आपल्याकडे घेतला. बाबा होकायंत्र घेऊन खांबाशी उभे राहिले. योजना अशी होती, की गरागरा फिरवायचं, मध्येच थांबवायचं आणि साहेबांनी नकाशाकडे बघून कचरापेटी कुठल्या बाजूला आहे ते सांगायचं.

पहिल्या फेरीला त्यांनी कचरापेटी म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींकडे बोट दाखवलं. सेक्रेटरी नुकतेच कामावरून येत होते. दुसऱ्या फेरीआधी क्लचबाईंनी नकाशा समोरची दिशा वर असा करून दिला. आता नकाशा इतक्या वेगाने फिरू लागला, की साहेबांनी डोळे मिटून घेतले, आणि थांबवल्यावर ते खुर्चीतून उठून ठाम पावलं टाकत सेक्रेटरींच्या स्कूटरवर चालून गेले. स्कूटर पडली. साहेबही पडले, पण त्यांच्याविषयी नंतर कुणी विचारलं नाही.

यातून कोण बरोबर हे सिद्ध झालं नाही, इमारतीत दोन तट मात्र पडले. उत्तरवाले आणि समोरवाले. उत्तरवाल्यांमध्ये निवृत्त माणसं जास्त. समोरवाल्यांमध्ये ज्यांना संध्याकाळी कुठेतरी जायचं असतं अशी. दूध घ्यायला खाली उतरलं तरी लोक साहेबांना अडवून सल्ला देत. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर यंत्र बंद ठेवा आणि मनाचं ऐका, असा सल्ला दिला. हे गृहस्थ कुठल्याच तटात नव्हते आणि त्यांच्याकडे वाहनही नव्हतं.

तेवढ्यात बाबांचं लक्ष जिन्याजवळच्या फ्रेमकडे गेलं. आग लागली तर बाहेर कसं पडायचं त्याचा तो नकाशा. इमारत बांधल्यापासून तो तिथे होता आणि आजवर त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. बाबांनी पाहिलं. त्यात उत्तर खाली होती. बाबांना रात्रभर अब्रू गेल्यासारखं वाटलं असावं, कारण सकाळी ती फ्रेम उलटी टांगलेली होती. अक्षरं डोक्यावर उभी, पण उत्तर वर. दुपारी क्लचबाईंनी ती पुन्हा सरळ केली, कारण नकाशासमोर उभं राहिल्यावर जिना ज्या हाताला आहे त्याच हाताला तो नकाशात दिसला पाहिजे. संध्याकाळी बाबा. सकाळी बाई. फ्रेमला वरून एक आणि खालून एक अशा दोन कड्या झाल्या.

अशा वेळी अग्निशमन खात्याचे निरीक्षक हमखास येतात आणि ते आले. मान वाकडी करून त्यांनी नकाशा वाचायचा प्रयत्न केला. मग त्यात दाखवलेल्या बाणाप्रमाणे चालत गेले आणि मीटरच्या खोलीत शिरले. बाहेर आल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, की या इमारतीतल्या रहिवाशांना आगीच्या वेळी बाहेर पडायचंय की आत जायचंय, ते सोसायटीने लेखी कळवावं.

सेक्रेटरी निरीक्षकांनी दिलेला कागद घेऊन सरळ साहेबांच्या दारात आले. तक्रारींना उत्तरं देणं हा तुमचा पेशा आहे आणि ही आग तुम्हीच लावली आहे, असा त्यांचा सूर होता. साहेबांनी उत्तर लिहिलं. त्यात निरीक्षकांचं बरोबर होतं, सोसायटीचं बरोबर होतं आणि दिशेबाबत योग्य ती कार्यवाही चालू होती. निरीक्षकांनी ते वाचलं, हे आपल्याच खात्याचं पत्र आहे असं त्यांना वाटलं आणि प्रकरण मिटलं. साहेबांना त्या दिवशी आपल्या शैलीचा थोडा अभिमान वाटला. ही शैली हवेत उपयोगी पडत नाही, हे कळायला अजून दोन दिवस होते.

रविवारची हवा अशी होती, की जमिनीवर उभं राहूनही माणसाने उडावं. आभाळात कापसाच्या गोळ्यांसारखे ढग एका रांगेत लागले होते आणि प्रत्येक गोळ्याखाली हवा वर चढत होती. विमान मैदानात उभं होतं, पांढरंशुभ्र आणि लांब पंखांचं. त्याच्याकडे बघताना हवाईसाहेब सेक्रेटरी, स्कूटर, निरीक्षक सगळं विसरले.

ग्लायडर तिकडे उतरलं, की त्याचे पंख सोडवून ते परत आणायला गाडी आणि लांबोडका ट्रेलर घेऊन माणसं जावी लागतात. गाडी क्लचबाईंची. मागे ट्रेलर, पुढे ठळक अक्षरांत 'शिकाऊ'. गाडीत चालवायला क्लचबाई, शेजारी बायको, मागे बाबा. बायकोच्या हातात क्लबने दिलेला रेडिओ, आणि समोर लावलेल्या फोनवर साहेबांच्या पडद्यावर दिसेल तोच नकाशा, म्हणजे ते कुठे आहेत ते कळत राहील.

मास्तर आले. त्यांनी पंख हलवून पाहिले, पट्टे ओढून पाहिले आणि म्हणाले, "बोला. नकाशा कसा?"

साहेबांनी तोंड उघडलं. डावीकडे बाबा उभे होते. उत्तर वर ठेवणार असं साहेबांनी त्यांना कालच सांगितलं होतं. उजवीकडे क्लचबाई होत्या. समोरची दिशा वर ठेवणार असं साहेबांनी त्यांना परवाच सांगितलं होतं. दोघंही, ज्यांचं ऐकलं गेलं आहे अशा माणसांच्या समाधानाने हसत होती. मागे दातांचे डॉक्टर घड्याळ बघत होते.

साहेबांनी तोंड मिटलं. मग यंत्राच्या सेटिंगची पानं पुढे-मागे करत, घाम पुसत, दोघांपैकी कुणालाही वाईट वाटणार नाही अशी जागा ते शोधू लागले. आणि शेवटच्या पानावर ती सापडली.

"सरळ जाताना समोरची दिशा वर," ते म्हणाले, "आणि घिरट्या घालताना उत्तर वर. आपोआप बदलेल."

मास्तरांनी वाकून पडदा नीट पाहिला. त्यांनी विचारलं, हे कुणी शिकवलं? कारण घिरट्या घालताना समोरची दिशा वर असली तर नकाशा चक्कीसारखा फिरतो आणि काही कळत नाही, आणि सरळ जाताना उत्तर वर असली तर डाव्या-उजव्याचा घोळ होतो. बरीच वर्षं उडवणारी माणसं नेमकं हेच ठेवतात. पहिल्याच फटक्यात इथवर पोचलेला विद्यार्थी त्यांनी पाहिला नव्हता.

"विचार केला थोडा," साहेब म्हणाले.

बायको जवळ येऊन त्यांच्या कानात म्हणाली, की तुमचा भित्रेपणा आज पहिल्यांदाच कामाला आला.

दोरी ताणली गेली. पुढचं विमान गुरगुरलं, गवत मागे पळालं आणि चाक जमिनीवरून सुटलं. उंचीवर पोचल्यावर साहेबांनी दोरीची मूठ ओढली, खट्कन आवाज झाला आणि सगळीकडे शांतता पसरली. फक्त वाऱ्याची शीळ. पहिल्या ढगाखाली विमानाला खालून कुणीतरी खांदा दिल्यासारखा धक्का बसला, चढती हवा ओळखणारं यंत्र टीं-टीं करू लागलं आणि साहेबांनी वळण घेतलं. एक फेरी, दुसरी फेरी, आणि पडद्यावर नकाशा गपकन थांबला. उत्तर वर. जग जागेवर, चिमुकलं विमान त्यावर गोल गोल. खाली घरं काड्यापेट्यांएवढी झाली. ते सरळ निघाले, काही क्षणांत नकाशा डौलात वळला आणि समोरची दिशा वर आली. इतकं सुंदर काही आपल्या भित्रेपणातून जन्मलंय, या विचाराने साहेबांना भरून आलं. ते मोठ्याने गाऊ लागले. गाणं कुणी ऐकत नाही हा ग्लायडरचा मोठा फायदा आहे.

निम्मी वाट अशी सरली. पुढे ढग विरळ झाले.

आता हवा तुकड्या-तुकड्यांनी वर चढत होती. धक्का बसला म्हणून साहेब वळत, अर्ध्या वळणात हवा हातची गेली असं वाटून सरळ होत, तेवढ्यात पुन्हा धक्का. नकाशाला कळेना, हा माणूस घिरट्या घालतोय की सरळ जातोय. तो उत्तर वर करी, मग समोर वर करी, मग उत्तर. बाबा, बाई, बाबा, बाई. नदी एकदा डावीकडे, एकदा खाली. धावपट्टी पडद्याच्या कुठल्या तरी कोपऱ्यात होती, पण तो कोपरा एका जागी टिकत नव्हता. आणि उंची कमी होत होती.

साहेबांनी रेडिओवर बायकोला विचारायचं ठरवलं. बटण दाबणार तोच त्यांच्या कानात आवाज आला.

"बघा, आला माझा नकाशा," क्लचबाईंचा आवाज.

"गेला बघा," बाबांचा आवाज.

झालं होतं असं, की बायकोने रेडिओ सीटवर ठेवला होता, एका वळणावर तो मागे घरंगळला आणि बाबा बोलण्याचं बटण दाबून धरत त्याच्यावर बसले. आता गाडीतला शब्द न् शब्द आभाळभर ऐकू येत होता. साहेबांना, मैदानात मास्तरांना आणि दातांच्या डॉक्टरांनाही. आणि जोवर बाबा बसलेत, तोवर साहेबांचा एक शब्दही गाडीत पोचणार नव्हता.

गाडी एका मोठ्या सर्कलभोवती फिरत होती हे साहेबांना बोलण्यावरून कळलं. नकाशा समोर वर झाला, की क्लचबाई बाहेर पडायला निघत. तो उत्तर वर झाला, की बाबा हा रस्ता नव्हे म्हणत. ट्रेलरसकट पुन्हा फेरी. बायकोने सुचवलं, की कुठल्याही एका रस्त्याने बाहेर पडू, चुकला तर परत येऊ. यावर दोघांचं एकमत झालं, की तिला यातलं काही कळत नाही.

"वळायला सांगायला हवं त्याला," बाबा म्हणत होते. "उंची गेलीय. वळ म्हणावं."

वर साहेब वळले.

"छे, सरळ जायला सांगा, सरळ," क्लचबाई. "घुटमळला की संपला."

साहेब सरळ झाले. नकाशा उलटला.

"त्यांना काही सांगू नका," बायकोचा आवाज आला. "दोघांचंही ऐकतील ते. आमच्याकडे दोन सोफे का आहेत माहितीये? एकही नको होता. पण दुकानात दोन विक्रेते होते."

ही गोष्ट घरातली होती. आता ती हवेतली झाली. मैदानात मास्तरांनी ती ऐकली असणार, आणि दातांच्या डॉक्टरांनी तर नक्कीच. साहेबांचे कान तापले. खाली शेतं स्पष्ट दिसू लागली होती, त्यांतली गुरंही, आणि त्यातलं एक वर बघत होतं. आता फार तर एका शेतात उतरायची सोय होती. पन्नास किलोमीटर गेले, विमान गेलं, आणि आयुष्यभर मैदानाभोवती घिरट्या.

नकाशा पुन्हा उलटला, आणि साहेबांना एकदम यंत्राची दया आली. ते तरी काय करणार? समोरच्याचं मन राखत होतं बिचारं. हा माणूस अर्धा वळला की ते म्हणे, बरोबर आहे तुमचं. तो सरळ झाला की पुन्हा म्हणे, बरोबर आहे तुमचं. यंत्रात बिघाड नव्हताच. ते तक्रार विभागात बसलं होतं आणि त्याच्या खिडकीशी हवाईसाहेब उभे होते.

सेटिंगला हात लावायचा नाही, असं मास्तरांनी बजावलं होतं. रेडिओच्या आवाजाच्या गोल बटणाबद्दल ते काही बोलले नव्हते. साहेबांनी ते बटण पकडलं. आत बाबा म्हणत होते, की एक तर त्याने—

साहेबांनी बटण शेवटपर्यंत डावीकडे फिरवलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत, समोर माणूस बोलत असताना त्यांनी खिडकी बंद करायची ही पहिलीच वेळ.

शांतता. वाऱ्याची शीळ. डाव्या पंखाला अगदी हलका धक्का बसला आणि साहेबांनी विमान त्या पंखावर पुरतं कलतं केलं. अर्धं नाही, पुरतं. पहिल्या फेरीत उंची आणखी थोडी गेली. हात परतायला शिवशिवले. त्यांनी परतू दिले नाहीत. दुसऱ्या फेरीत टीं. मग टीं-टीं. नकाशा थांबला, उत्तर वर, आणि या वेळी थांबलेलाच राहिला. कुठूनतरी दोन घारी आल्या आणि त्याच फेरीत सामील झाल्या. त्यातली एक इतकी जवळ होती, की तिने मान वळवून साहेबांकडे पाहिलेलं त्यांना दिसलं. तिघं मिळून वर चढत राहिले. गुरं ठिपके झाली, शेतं चौकोन झाली, नदी दोरा झाली, आणि त्या दोऱ्याच्या पलीकडे, नकाशात होती नेमकी त्याच जागी, धावपट्टीची फिकट रेघ उमटली.

मग साहेब सरळ निघाले. वाटेत धक्के आले. चांगले होते, मोहात पाडणारे होते. प्रत्येक धक्क्याला ते मनात "नाही" म्हणाले. आधी ते चोरून म्हटल्यासारखं आलं, मग जरा मोठ्याने, आणि नदी ओलांडताना तर ते ओरडूनच "नाही, नाही, नाही" म्हणत होते. असा आनंद त्यांना आजवर ठाऊक नव्हता. नकाशा एकदाही हलला नाही. धावपट्टी पडद्याच्या वरच्या टोकाकडून सरकत मधोमध आली, चाक गवताला टेकलं, विमान खडखडत धावलं आणि थांबलं. एक पंख अलगद जमिनीवर टेकला.

साहेब काचेचं झाकण उघडून बाहेर आले आणि विमानाभोवती एक फेरी धावले. मग फोनवर मास्तरांना कळवलं. मास्तर म्हणाले, अभिनंदन, ठरलेल्याच धावपट्टीवर आहात ना? मग खात्री पटल्यावर म्हणाले, की पन्नास झाले, मानलं तुम्हाला. आणि घाईने फोन ठेवला, कारण सर्कलचं प्रकरण अजून संपायचं होतं आणि मैदानात सगळे रेडिओभोवती खुर्च्या टाकून बसले होते.

शिकाऊ गाडी आली तेव्हा उन्हं कलली होती. गाडी बायको चालवत होती. क्लचबाई शेजारी बसून ब्रेकवर पाय ठेवून होत्या, पण त्यांचं तोंड खिडकीबाहेर होतं. बाबा मागे, त्यांचं तोंड दुसऱ्या खिडकीबाहेर. सर्कलमधून बाहेर कसे पडलात, असं साहेबांनी बायकोला विचारलं. ती म्हणाली, मी दोघांना उतरून पाटी वाचायला सांगितलं, आणि ती उतरल्यावर मी स्टिअरिंगवर बसले.

बाबांनी साहेबांना बाजूला घेऊन खांदा दाबला. शेवटची चढण उत्तर वर ठेवून झाली, मी फोनवर पाहिलं, असं ते हळूच म्हणाले. थोड्या वेळाने क्लचबाईंनीही बाजूला घेतलं. धावपट्टी गाठली ती समोरची दिशा वर ठेवून, त्यांनी पाहिलं होतं. साहेबांच्या जिभेच्या टोकावर ते जुनं वाक्य दोन्ही वेळा येऊन बसलं. दोन्ही वेळा ते पाणी प्यायले.

आता विमान सोडवायचं होतं. ग्लायडरचे पंख निघतात, पण एकेक पंख लांब आणि जड. मधली खीळ काढली, की तिघांनी एकदम धरावं लागतं, नाहीतर तो आपटतो. साहेब खिळीशी उभे राहिले आणि म्हणाले, आधी डावा पंख धरा.

बाबा विमानाच्या नाकाशी उभे होते, शेपटीकडे तोंड करून. ते आपल्या डाव्या हाताच्या पंखाकडे गेले. क्लचबाई शेपटीशी उभ्या होत्या, नाकाकडे तोंड करून. त्या आपल्या डाव्या हाताच्या पंखाकडे गेल्या. दोघांनी पंख धरले आणि विमानावरून एकमेकांकडे पाहिलं.

"हा डावा," बाबा म्हणाले.

"काका, चालवणारा जिकडे तोंड करून बसतो तिकडून डावं धरतात," क्लचबाई म्हणाल्या. "गाडीलाही तसंच असतं."

"नकाशात बघा, पश्चिमेचा पंख तो डावा. पश्चिम इकडे आहे."

बायकोने कुठलाच पंख धरला नाही. ती साहेबांकडे बघत उभी राहिली.

"बाबा," हवाईसाहेब म्हणाले, "तुमचं चुकतंय. इकडे या." मग क्लचबाईंकडे वळून म्हणाले, "आणि तुम्ही पंखाच्या टोकाला जा. मधे तुमचं काम नाही. मी म्हणेन तेव्हा उचलायचा, तोवर नाही."

बाबा विमानाला वळसा घालून आले. क्लचबाई टोकाला गेल्या. बायकोने मधे धरलं. साहेबांनी खीळ ओढली, "उचला" म्हणाले, आणि काय आश्चर्य, तिघांनी उचलला. पंख सहज निघाला आणि तिघांच्या हातांवर आडवा तरंगू लागला, उन्हात लखलखत, एवढा मोठा.

साहेब बघतच राहिले. आपण सांगितलं आणि माणसांनी केलं. त्यांनी आपल्या हातातल्या खिळीकडे पाहिलं, मग पंखाकडे, मग बाबांच्या चेहऱ्याकडे. बाबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, वाट बघणं होतं. क्लचबाईसुद्धा वाट बघत होत्या. साऱ्या धावपट्टीवर कुणालाच, कशाबद्दलच, काही म्हणायचं नव्हतं.

बराच वेळ गेला. बाबांचे दंड थरथरू लागले.

"अहो," बायको शेवटी म्हणाली, "ठेवायचा कुठे?"

ते साहेबांनी अजून ठरवलंच नव्हतं.